जयवंताबाईंचे पाय

पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तिसऱ्या आठवड्यात हिंगणघाटजवळच्या त्या गावातल्या बुद्धविहारात एक विचित्र घोळ सुरू झाला. रोज संध्याकाळी ग्रंथ वाचणाऱ्या जयवंताबाई वाचता वाचता मध्येच उभ्या राहायच्या. वाचणारी उठली म्हणजे वाचन संपलं, असं समजून समोरच्या तीस-चाळीस बायाही उठायच्या आणि हात जोडून शेवटची गाथा म्हणू लागायच्या. "बसा बाई, अजून दोन पानं राह्यली," असं जयवंताबाईंना म्हणावं लागायचं. बाया बसायच्या. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी महिला मंडळाच्या कमलाबाई म्हणाल्या, "जयवंते, तू वाचन करून राह्यली का आमची कवायत घेऊन राह्यली?"

सगळ्या हसल्या. जयवंताबाईही हसल्या, पण उभ्या उभ्याच, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. हसणाऱ्यांचं काही नाही. नंतर नळावर ज्यांनी 'पुन्हा सुरू झालं वाटते तिचं' अशी कुजबुज केली, त्यांचा मात्र मला अजून राग येतो.

नऊ वर्षांपूर्वी जयवंताबाईंना भिंतीतून कुणीतरी नाव घेऊन बोलावू लागलं होतं. तेव्हापासून वर्ध्याचा दवाखाना आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांची तुलना डॉक्टर कागदावर करत असतील, जयवंताबाई ती वाचनावरून करत. पहिली गोळी रिस्पेरिडोन. तिने महिनाभरात आवाज घालवले, पण जबडा आखडला, हातातलं पान थरथरू लागलं, शब्द ओठांपाशी येऊन अडू लागले. पाळी बंद झाली आणि मुलगी मोनाली कॉलेजात जाण्याएवढी मोठी झालेली असताना अंगावर दूध उतरू लागलं. हे शेवटचं त्यांनी वर्षभर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, मग डॉक्टरांना कळणार कुठून?

दुसरी ओलान्झापिन. हात मोकळे झाले आणि झोप लागू लागली. झोप इतकी, की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. भूकही अशी, की अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांची खिचडी शिजवताना त्यांना पातेल्यापासून लांब उभं राहावं लागे. वजन अठरा किलोंनी वाढलं, साखर चढली. अशी सहा वर्षं गेली. घरचे समाधानी होते, बाई शांत आहे म्हणत. बाई शांत आहे की विझली आहे, हे कुणी विचारलं नाही. वाचनाची जागा त्या काळात कमलाबाईंच्या सुनेकडे गेली.

साखर फारच वाढली तेव्हा, या उन्हाळ्यात, डॉक्टर मॅडमनी गोळी बदलली. जुनी थोडी थोडी कमी करत नवी चढवली, अॅरिपिप्राझोल. चिठ्ठीवर लिहिलं, रोज सकाळी दहा मिलिग्रॅम, त्रास वाढल्यास पंधरा. महिन्या-दीड महिन्यात जयवंताबाईंच्या डोक्यावरचं घोंगडं कुणी काढून घेतल्यासारखं झालं. पान वाचलं की अर्थ लागू लागला. आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना, त्यांनी स्वतः कमलाबाईंना जाऊन सांगितलं, यंदा मी वाचते. सहा वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं गावाला आठवत नव्हतं.

आणि मग पाय. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या. बसलं की आतून कुणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं, उठलं की घटकाभर बरं, पुन्हा तेच. पोळी अर्धी लाटून त्या अंगणात जायच्या, दोन चकरा मारून परत लाटायला बसायच्या. नवरा धम्मदीप ग्रामपंचायतीत शिपाई. माणूस प्रेमळ, पण नऊ वर्षांपूर्वी सगळं अशाच चकरांनी सुरू झालं होतं, हे तो विसरला नव्हता.

"बेचैन वाटते काय?" त्याने विचारलं.

"हो," जयवंताबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दाने घोटाळा केला. धम्मदीपने चिठ्ठी पाहिली, त्रास वाढलाच होता. दुसऱ्या सकाळपासून त्याने दीड गोळी द्यायला सुरुवात केली, तीही समोर उभं राहून, तोंड उघडायला लावून. चार दिवसांत जयवंताबाईंना जेवायलाही बसवेना. ताट हातात धरून त्या फिरत फिरत घास घेऊ लागल्या.

"मन ठीक आहे माह्यं," त्या सांगत होत्या. "पाय बेचैन आहेत."

"पाय कुठं बेचैन रायते? उद्या वर्ध्याले जाऊ. जुनीच गोळी बरी होती."

जुनी गोळी म्हणजे पुन्हा ते घोंगडं. एकदा डोक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी घरात आली, की माणसाचं अंग दुखलं तरी ते डोक्याच्याच खाती टाकलं जातं. जयवंताबाईंना त्या दिवशी आजाराची नाही, धम्मदीपच्या काळजीची भीती वाटली.

दवाखान्यात मॅडमनी सवयीने त्यालाच विचारलं, "कशा आहेत?"

"बसत नाई, फिरत रायते. पयल्यासारखं सुरू झालं. जुनीच लिहून द्या."

मॅडमनी पेन उचललं. जयवंताबाई खुर्चीमागे उभ्या होत्या.

"मॅडम, मले इचारा ना. पयले मी फिरत होती, ते कोणी बोलावत होतं म्हून. आता कोणीच बोलावत नाई, तरी फिरावं लागते. बसू द्यायले पायच तयार नाई."

पेन थांबलं. मॅडमनी त्यांना दोन मिनिटं बसायला सांगितलं आणि त्यांचे पाय पाहत राहिल्या. अर्ध्या मिनिटात गुडघे हलू लागले, मग टाचा, मग त्या उठल्याच.

"पंधरा कधीपासून?"

"मीच वाढवली," धम्मदीप म्हणाला. "आजार वाढला वाटलं."

"हा आजार नाही, गोळीचा परिणाम आहे. याला अकॅथिजिया म्हणतात. डोस वाढवला की हा वाढतो. चिठ्ठीत हे मी लिहायला हवं होतं." मग त्या जयवंताबाईंकडे वळल्या. रस्ते दोन होते. जुनी गोळी घेतली तर पाय थांबतील, पण वजन, साखर आणि सुस्ती परत येईल. नाहीतर हीच पाचवर आणायची, सोबत पायांसाठी एक छोटी गोळी. दमा नाही ना, हे त्यांनी आधी विचारलं, आणि साखरेवर लक्ष ठेवायला बजावलं. पाचवर आवाज परतण्याचा धोका आहे, हेही लपवलं नाही. आणखी एक औषध आहे, पण त्याला सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, ते अगदी शेवटी. "तुम्हाला काय वाटतं?"

धम्मदीपने जुनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"वाचता येते ती द्या," जयवंताबाई म्हणाल्या. "आवाज आले तर मी सोता सांगन."

पाय काही त्या दिवशी थांबले नाहीत, मॅडमनी आठ-दहा दिवस सांगितले होते. बसस्टँडवर हिंगणघाटच्या गाडीला वेळ होता. जयवंताबाई फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागल्या. बाकावरची माणसं मान वळवून वळवून पाहत होती. धम्मदीपला बाकावर जागा मिळाली होती. तो थोडा वेळ बसला, मग पिशवी खांद्याला लावून उठला आणि बायकोच्या बाजूने चालू लागला.

"तुमी बसा ना, गुडघे दुखते तुमचे. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," तो म्हणाला. "गाडी लागतपर्यंत चालू."