काटा मध्यावर होता

मी डूख धरणारी बाई आहे. आई म्हणायची, नागीण परवडली, ती निदान चावून मोकळी होते. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी, म्हणजे भावोजींसाठी, मी वर्षभर दबा धरून बसले होते. आणि आजही सांगते, त्या माणसाचं जे झालं ते कमीच झालं.

नव्वदनंतरची ती वर्षं. बडोद्याच्या रस्त्यांवर रोज एखादं नवं मॉडेल दिसायचं आणि लोक माना वळवून बघायचे. आमच्या बाबांकडे मात्र वीस वर्षांची जुनी गाडी होती. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं, आत बोट घालून पाणी बघायचं, पंख्याचा पट्टा दाबून बघायचा, हा त्यांचा नेम. चालवताना दर दोन मिनिटांनी त्यांची नजर तापमानाच्या काट्यावर जायची. वीस वर्षांत ती गाडी एकदाही तापली नव्हती, हे ते ज्याला त्याला सांगत.

भावोजींच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. भावोजींनी स्वतःसाठी नवी गाडी नोंदवली होती, पण तिचा नंबर लागायचा होता. तेव्हा स्वारी आमच्याकडे आली आणि काय ते गोड बोलणं! "बाबा, नवरदेवाच्या मिरवणुकीला, वरघोड्याला, तुमचीच गाडी हवी. आणि चालवायचीही तुम्हीच. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?" बाबा हुरळले. जावई घरी चालत येऊन मागतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

मुहूर्त दुपारी साडेबाराचा, महिना मे. वासण्याच्या बाजूने वरघोडा निघाला आणि अकोट्यातल्या हॉलकडे मुंगीच्या पावलांनी सरकायला लागला. दर दहा पावलांवर बँड थांबतोय, पोरं नाचतायत. गाडीच्या पुढच्या जाळीला गंज चढला होता. त्याची भावोजींना लाज वाटत होती, म्हणून त्यांनी फुलवाल्याकडून झेंडूची दाट चादर करून घेतली होती आणि जाळीवर गच्च बांधली होती. दिसत होती सुंदर, खोटं कशाला बोलू.

हॉल दोन गल्ल्यांवर राहिला आणि बॉनेटखालून फस्सकन वाफ आली. गाडी बंद पडली. नवरदेवाला उतरून भर उन्हात चालत जावं लागलं, मुहूर्त टळला, मुलीकडचे लोक तोंड फिरवून उभे राहिले.

भावोजी तरातरा आले आणि चारशे माणसांसमोर सासऱ्यावर ओरडले, "काटा लाल होईपर्यंत दिसलं नाही तुम्हाला? डोळे आहेत की खाचा?"

बाबा एवढंच म्हणाले, "काटा मध्यावर होता हो. मी बघत होतो."

"मध्यावर होता म्हणे! वय झालं आता. कुणाला तरी मारण्याआधी गाडी सोडा."

जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते काय उगाच? बाबांनी खाली मान घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ताईने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने गाडी तपासली. थर्मोस्टॅटची झडप काढून उकळत्या पाण्यात टाकली, ती बरोबर उघडली. पंप चांगला, पट्टा चांगला, पाण्याचा रस्ता मोकळा. "बेन, गाडीमां कंई वांधो नथी," असं म्हणून तो निघून गेला. हे भावोजींच्या कानावर गेलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "गाडीत वांधा नाही, म्हणजे कशात आहे ते कळलं ना?"

बाबांनी ते ऐकलं आणि आपणहून डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

ते आणि आई दवाखान्यात गेले त्या दुपारी मी एकटीच गाडी पुसायला बसले. डिकीत ती फुलांची चादर तशीच कोंबलेली होती. झेंडू कुजले होते, आणि फुलं ज्यावर शिवली होती ते खाली दिसत होतं. गोणपाट! फुलं कोमेजू नयेत म्हणून फुलवाल्याने ओल्या गोणपाटावर टाके घातले होते. मी शाळेत विज्ञान शिकवायची. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो. मुंगीच्या पावलांनी जाणाऱ्या गाडीला पंखा जेवढा वारा ओढून घेईल तेवढाच, आणि तोही या लोकांनी गोणपाटाने बंद केला होता.

पण मग काटा? मी गाडी जागेवर चालू केली. वीस मिनिटं काटा मध्यावर, ढिम्म हलेना. मग तेच गोणपाट जाळीवर बांधलं. काटा चढायला लागला, लालपर्यंत गेला, खालच्या नळीतून उकळतं पाणी भसाभसा बाहेर पडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा परत मध्यावर येऊन बसला. इंजिन तर आगीसारखं तापलेलं! काट्याला जोडलेलं पितळी बोंड पाण्यात बुडालेलं असतं आणि ते पाण्याची धग सांगतं. पाणीच निघून गेलं की ते कोरडं पडतं आणि काटा खोटं बोलायला लागतो. बाबांनी दर दोन मिनिटांनी काटा बघितला होता. मधल्या त्या एका मिनिटात, बँडवाले समोर आले असताना, तो वर जाऊन खाली आला होता. बाबा अक्षर न् अक्षर खरं बोलले होते.

मी इंजिन बंद केलं, थंड झाल्यावर पाणी भरलं, फरशी धुतली आणि गोणपाट माळ्यावर टाकलं. घरात सांगितलं असतं तर काय झालं असतं? ताई म्हणाली असती, जाऊ दे ग, झालं गेलं गंगेला मिळालं. बाबा म्हणाले असते, जावयाला कशाला दुखवायचं. नाही! चारशे माणसांत झालेला अपमान चारशे माणसांतच फेडायचा, असं मी ठरवलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

डॉक्टरांनी सांगितलं, नंबर थोडा वाढलाय, वयोमानाने वाढतोच. बाबांना तेवढं पुरलं. ते रिक्षाने हिंडायला लागले. रस्ता ओलांडताना मला विचारायचे, "सिग्नल लालच आहे ना ग?" दिवाळीत त्यांनी गाडी पादरा गावच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली. किल्ली देताना हसले आणि घरात येऊन दिवसभर पडून राहिले. मी मनात म्हटलं, भावोजी, हेही तुमच्याकडून वसूल करणार.

पुढच्या मेमध्ये भावोजींच्या चुलतभावाचं लग्न आलं. एव्हाना त्यांची नवी कोरी पांढरी गाडी आली होती, एसीवाली. ते आमंत्रण द्यायला घरी आले तेव्हा मीच म्हटलं, "भावोजी, यंदा त्याच फुलवाल्याकडून चादर आणखी दाट हवी हं. नवी गाडी आहे, लोकांनी बघत राहिलं पाहिजे." भावोजी फुलले. बाबा कुठे फुलायचे, ते कोपऱ्यात पेपर तोंडाशी धरून बसले होते. "आणि मला पुढे बसायचंय," मी म्हटलं, "नव्या गाडीत आम्हाला कधी मिळायचं बसायला?"

मिळालं बसायला. तसंच ऊन, तसाच बँड, वर एसी फुल्ल. गाडी चालवणारे भावोजी काचेतून हात हलवण्यात दंग. मी मात्र काट्यावरून नजर काढली नाही. चढला. आणखी चढला. लालला टेकला. एक शब्द बोलले नाही मी! मग तो खाली घसरला, आणि माझ्या छातीत जे काय झालं ते सांगायची लाज वाटते, इतका आनंद.

फस्स! बॉनेटमधून वाफ, गाडी ठप्प. मुलीकडचे धावत आले. भावोजी घामाघूम होऊन ओरडायला लागले, "अहो, काटा मध्यावर होता! देवाशपथ, आत्ता बघितला मी!"

मी खाली उतरले आणि शाळेत वर्गावर लावते तो आवाज लावला. "डोळे आहेत की खाचा, भावोजी?"

बँड थांबला. मी चादर ओढून काढली, उलटी करून गोणपाट सगळ्यांना दाखवलं, आणि वाफ, बोंड, काटा, सगळं समजावून सांगितलं. मागच्या वर्षी बाबा खरं बोलत होते, हे तीनदा सांगितलं. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. भावोजींचा चेहरा पडला. ते बाबांपाशी गेले आणि वाकून म्हणाले, "चुकलं माझं." बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ताई रडत होती. मला तिची दया आली नाही.

जेवणं उरकून आम्ही तिघं दुपारी रिक्षाने घरी निघालो. आई मध्ये, बाबा कडेला. मी विजयी वीरासारखी बसले होते. बाबा माझ्याकडे वळले.

"हे तुला कधी कळलं ग?"

"मागच्याच वर्षी," मी फुशारकीने म्हटलं. "तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता ना, त्याच दिवशी."

"म्हणजे दिवाळीत गाडी विकली तेव्हा तुला ठाऊक होतं."

मी हो म्हटलं.

"मला वाटलं माझी नजर गेली," बाबा म्हणाले. "मला एकट्याला सांगायचं होतंस. त्याला नसतं सांगितलं तरी चाललं असतं."