आत्याचा फुगा

माझ्या आत्याला 'नाही' हा शब्द ऐकू येत नाही. एरवी तिचे कान तिखट आहेत. वर्गाच्या शेवटच्या बाकावर कुणी चिंच चोखत असेल तरी तिला कळतं. मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ती निवृत्त झाली, अलिबागजवळ राहायला आली आणि चार सुना असत्या तर त्यांना छळलं असतं तेवढ्या उत्साहाने शाळांच्या मागे लागली. तिच्याकडे एक फिरतं तारांगण आहे. पंख्याने हवा भरली की कापडाचा भलामोठा घुमट उभा राहतो. बुटक्या दारातून वाकून आत जायचं, जमिनीवर बसायचं, मग आतला प्रोजेक्टर डोक्यावर सगळं आकाश पसरतो. मुलं त्याला आत्याचा फुगा म्हणतात. हा फुगा ती मुंबईहून घेऊन आली तेव्हा मांडव्याच्या बोटीवर खलाशाने ते पांढरं लांबट गाठोडं बघून विचारलं, "बाई, यात कोन हाय?" आत्या म्हणाली, "आकाश." तो म्हणाला, एवढं सामान चालायचं नाही. तिने गाठोड्याचं वेगळं तिकीट काढलं आणि ते शेजारच्या बाकावर खिडकीपाशी बसवून आणलं.

तिला अडवणाऱ्यांना थकवा येतो, तिला येत नाही. एका मुख्याध्यापकांनी शाळेत सभागृह नसल्याचं सांगितलं, तर तिने समोरच्या मंगल कार्यालयात दोन लग्नांच्या मधल्या दिवशी फुगा फुगवला. तळ्याकडच्या एका शाळेत कार्यक्रम रंगात आला असताना वीज गेली. पंखा थांबला आणि घुमट हळूहळू आमच्या डोक्यांवर उतरू लागला. एक गुरुजी गुडघ्यांवर दाराकडे निघाले. आत्याने टॉर्च लावला. "आकाश खाली येतंय. येऊ द्या. कुणी उभं राहू नका," असं म्हणून तिने डोक्यावर कापड घेतलेल्या मुलांना शनीची कडी समजावून सांगितली. वीज आली तेव्हा ती गुरूपर्यंत पोचली होती आणि गुरुजी दारात अडकले होते.

पण तिचा खरा हट्ट मी पाहिला तो सूर्यग्रहणाच्या दिवशी, हरिहरेश्वरच्या वाटेवरच्या एका कोळीवाड्यात. गाडी चालवायला मी होतो. शाळेत एकही मूल आलं नव्हतं. सगळी दारं बंद. "मुलं येत नसतील तर आपण त्यांच्याकडे जाऊ," आत्या म्हणाली आणि तिने माशांच्या लिलावाच्या रिकाम्या शेडमध्ये फुगा उभा केला. पंख्याच्या आवाजाने एकेक दार किलकिलं झालं. समोरच्या घरात एक पोटुशी सून खोलीत कोंडून बसवलेली होती. तिची सासू उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आमच्यात ग्रहन पालतात, बाय. पोटुशी बाई भायेर न्हाय येत. तिला कालोखात बसवावं लागतं."

"मग माझ्याकडे द्या तिला," आत्या म्हणाली. "या फुग्यापेक्षा काळोख गावात कुठे आहे? वर शेडचं छप्पर, खाली कापड. उन्हाचा एक किरण आत आला तर मला सांगा. तुम्हीही बसा तिच्याजवळ."

चार-पाच माणसं जमली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आन काय इपरीत झाला त?"

"तर माझं नाव घ्या. मूल होईपर्यंत दर आठवड्याला इथे येते. पळून जाणाऱ्यांतली मी नाही."

सासूने सुनेच्या डोक्यावरून पदर ओढला, हात धरून तिला दोन घरांमधल्या सावलीतून आणलं आणि दोघी वाकून आत गेल्या. त्यांच्यामागून अर्धा वाडा शिरला. बाहेर ग्रहण लागलं होतं आणि आत आत्या तेच दाखवत होती. चंद्र सरकत सूर्यापुढे आला, सावली पृथ्वीवर पडली, चंद्र पुढे गेला. सून म्हणाली, "येवराच?"

"एवढंच," आत्या म्हणाली.

ती खरोखर दर आठवड्याला गेली. न्यावं मला लागत होतं. मुलगी झाली, नाककान जागच्या जागी. सासूने फोन करून सांगितलं, "पोर बरी हाय. पन रडते लय. ता तुझ्यामुलं."

"कबूल," आत्या म्हणाली.

आता तिचे गुडघे वाकत नाहीत. त्या बुटक्या दारातून तिला आत जाता येत नाही. डॉक्टरांनी फिरणंच बंद करायला सांगितलं होतं, पण त्यांनी 'नाही' हा शब्द वापरला. आत बोलायला आता एक तरुण शिक्षिका असते आणि आत्या बाहेर खुर्ची टाकून पंख्याशेजारी बसते. परवा डिसेंबरातल्या भर दुपारी मी तिला चहा नेऊन दिला. आतून मुलांचा लांबलचक "आऽऽ" ऐकू आला, तशी तिने मान वर केली. कप तसाच हातात धरून ती दक्षिणेकडच्या पांढऱ्या उन्हात डोळे बारीक करून बघत राहिली.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"वृश्चिक," ती म्हणाली. "आत्ता तिथेच आहे, उन्हामागे."