मसाल्याच्या नावाची गुटी

पिपलानी या हिंदी मुलखातल्या टाउनशिपच्या क्वार्टरांत एके काळी कुणाकडे बाळ झालं, की पहिला निरोप माहेरी जायचा आणि दुसरा इंदुमती देशकरांकडे. कारखान्यात नोकरीसाठी आलेली पुष्कळ मराठी घरं होती. त्यांच्या सासवा वर्ध्याला, अमरावतीला, आया कुठे साताऱ्याला. सव्वा महिना कोण येऊन राहणार? मग इंदुमती यायची. पदर खोचून, सहाण काखेत मारून, आणि बाळंतिणीच्या नवऱ्याला आधी स्वयंपाकघरातून बाहेर काढून. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, धुरी द्यायची आणि शेवटी आईच्या दुधात गुटी उगाळायची. मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, सुंठ, बदाम आणि अगदी शेवटी जायफळ. पैसे तिनं कधी घेतले नाहीत. खण-नारळ मात्र हक्कानं घ्यायची, आणि खण हलका निघाला तर तोंडावर सांगायची.

जिभेला हाड नव्हतं बाईच्या, पण हाताला माप होतं. जायफळाच्या बाबतीत तर ती फारच कडक. रात्र रात्र जागून रडकुंडीला आलेली एखादी पोर म्हणायची, "काकू, आज जायफळ जरा जास्त फिरवा ना." इंदुमती तिच्या हातावर चापटी मारायची. "झोप तुला पाहिजे, त्याला काहून देऊन राहिलीस?" नागपूर सोडून तिला कितीतरी वर्षं झाली होती, पण राग आला की ती थेट महालातल्या आपल्या गल्लीत जाऊन पोचायची.

पुढे टाउनशिपच म्हातारी झाली. भरती आटली, पोरं पुण्याला, हैदराबादला गेली, रांगच्या रांग क्वार्टरांना कुलपं लागली आणि अंगणांत गाजरगवत माजलं. जिच्याशिवाय बारसं होत नसे, त्या बाईला आता बारशाचे फोटो फोनवर यायला लागले. ती ते मोठे करून करून बघायची. "पोट फुगलंय बघा याचं," नवऱ्याला म्हणायची, "गुटी नाही देत कुणी." नरहर देशकर कारखान्यात फोरमन, निवृत्ती तोंडावर आलेली, बोलायला मुळातच कमी. तो नुसतं "हं" म्हणायचा. आपली कुणाला गरज उरली नाही, हे इंदुमतीला फार लागलं होतं. ती ते बोलून दाखवत नव्हती एवढंच. सारखी भांडी घासत बसायची.

तिचं हे घासणं सुनेला बघवेना. कल्पना घरातूनच एका कंपनीचं काम करायची. तिनं एका सुट्टीच्या दिवशी सासूच्या नावानं ऑनलाइन दुकान काढून दिलं. आधी गुटीच्या काष्ठांचा, म्हणजे उगाळायच्या अख्ख्या जिनसांचा, डबा विकायला ठेवला. तर तक्रारी आल्या. आमच्याकडे सहाणच नाही, उगाळायला वेळ कुणाला आहे, आम्हाला तयार काहीतरी द्या. कल्पना म्हणाली, "आई, मिक्सरमधून काढून पूडच देऊ या की."

दोन दिवस इंदुमतीला ते पटेना. उगाळताना दगड जास्त काही देत नाही, हात आपोआप थांबतो. पुडीचं तसं नाही, तिच्यात चमचा जातो. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर. प्रत्येक पुडीत चिठ्ठी जाईल. नखाच्या टोकावर राहील एवढीच पूड, आईच्या दुधात, तीही रोज नाही. बाळ पेंगलं तर लगेच बंद. चिठ्ठी तिनं स्वतः सांगितली आणि कल्पनाकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतली.

दुकान चाललं. जुमेरातीच्या बाजारातून जिन्नस यायचे, दुपारभर घर वेखंडाच्या वासानं भरून जायचं आणि इंदुमती पुन्हा लोकांवर ओरडायला लागली, म्हणजे ती खुशीत होती. दिवाळी झाली आणि कल्पनाला एक मेल आला.

गिऱ्हाईक फोनवरून पैसे भरायचं, ते पैसे आधी एका पेमेंट कंपनीकडे जायचे आणि तिथून इंदुमतीच्या खात्यात. त्या कंपनीनं कळवलं होतं की ही वस्तू आमच्या नियमांत बसत नाही, सबब तिचे पैसे आम्ही यापुढे घेणार नाही. सोबत काय काय विकायचं नाही याची यादी. कल्पना वाचत गेली. दारू, तंबाखू, हत्यारं, लॉटरी, नकली घड्याळं. आणि त्यांच्या खाली, तान्ह्या बाळांना द्यायची, आजार बरा करण्याचा दावा करणारी, परवाना नसलेली औषधं.

"मला तंबाखूवाल्यांच्या पंगतीला बसवलं?" इंदुमतीचा आवाज चढला. "अर्धी टाउनशिप माझ्या गुटीवर वाढली. कोण आहे हा, कुठं बसतो? फोन लाव त्याला."

"आई, तिथं कुणी बसत नाही. मशीनच वाचतं सगळं."

"मग मशीनला काय कळतं बाळाचं!"

नरहर जेवत होता. पोळीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "आमच्या शॉपमध्ये भिंतभर बोर्ड लावलेत. हातमोजे काढू नका, मशीन चालू असताना वाकू नका. वाचायचा कंटाळा येतो. पण एकेका बोर्डामागं कुणाचं ना कुणाचं बोट गेलेलं आहे, इंदू."

"माझ्या गुटीनं कुणाचं बोट गेलंय?"

"अजून नाही," नरहर म्हणाला आणि त्यानं ताक मागितलं.

हे 'अजून' तिला झोंबलं. तो उठून गेला तसं तिनं सुनेला विचारलं, मशीनला नेमकं खटकतं काय? कल्पनानं खटपट करून पाहिलं. बाळ, पोटदुखी, झोप, मात्रा, असले शब्द दिसले की ते अडवत होतं. "मग ते शब्द काढ," इंदुमती म्हणाली. "मसाला म्हण. सुंठ, हळद, जायफळ, बदाम. मसाल्यात दुसरं काय असतं? खोटं थोडंच आहे!" कल्पना जरा घुटमळली. पण सासूला पुन्हा भांडी घासत बसलेली पाहायची तिची तयारी नव्हती. तिनं नाव बदललं. सुगंधी पूड, स्वयंपाकासाठी.

कंपनीनं पुडीचे फोटो मागितले, आतून आणि बाहेरून. आणि आत चिठ्ठी होती. चिठ्ठीत बाळ होतं, नख होतं, आईचं दूध होतं. इंदुमतीनं ती पुडीतून काढून हातात धरली. तिच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. मग ती म्हणाली, "घेणाऱ्या सगळ्या आपल्याच बायका आहेत. त्यांना कशाला लागते चिठ्ठी?" चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीनं हिरवा कंदील दाखवला आणि मशीनला कसं बनवलं म्हणून सासू-सुना पोट धरून हसल्या. नरहर हसला नाही. तो म्हणाला, "ज्याला कळत नव्हतं त्याला तू फसवलंस. ज्या आईला कळायला पाहिजे तिचं काय?" इंदुमतीनं टीव्हीचा आवाज वाढवला.

मसाला झाल्यापासून पूड जास्तच खपायला लागली. बायकांच्या ग्रुपांवर कुजबूज पसरली होती की नाव मसाल्याचं आहे, पण ती देशकर काकूंची गुटीच आहे. आधी ओळखीची नावं यायची. आता इटारसी, होशंगाबाद, करोंद, बैतूल. कधी न ऐकलेली आडनावं. पुड्या बांधताना इंदुमती पत्ते वाचायची आणि ही कोण असेल, हिच्या घरी कुणी मोठं माणूस असेल का, असं तिच्या मनात येऊन जायचं. येऊन जायचं आणि ती पुढची पुडी बांधायला घ्यायची.

त्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. कल्पना फोन घेऊन बाहेर आली. "आई, पाच तारे! ऐका काय लिहिलंय." आणि ती कौतुकानं वाचायला लागली.

"मसाला म्हणून मिळतो पण असली चीज आहे. माझी आई सांगायची की मी याच गुटीवर वाढले. माझा मुलगा जन्मल्यापासून रात्र रात्र रडायचा. परवापासून दुधातून एक एक चमचा देते, सकाळ-संध्याकाळ. आता इतका शांत झोपतो की दूध प्यायलाही उठत नाही. थँक यू काकू. वैजयंती."

वाचता वाचता कल्पनाचा आवाज बारीक झाला. इंदुमतीच्या हातातली जुडी परातीत पडली.

"चमचा? फिरून वाच."

फिरून वाचलं तरी चमचाच होता. ऑर्डरीत नंबर होता, पत्ता होता, अयोध्या नगरचा. कल्पनानं फोन लावून सासूच्या हातात दिला.

"काकू! ओळखलंत?" पलीकडे हसरा आवाज. "मी शोभाची वैजू. पूर्वी तुमच्या मागच्या लाइनीत राहायचो. आई गेली ना, नाहीतर तिलाच विचारलं असतं सगळं."

शोभाची वैजू. इंदुमतीनं या पोरीला सव्वा महिना पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं.

"बाळ कुठाय?"

"झोपलाय की. आता तर झोपतच असतो."

"उठव त्याला."

"काकू, कसाबसा झोपलाय हो..."

"उठव म्हणते ना!"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग लांबून वैजयंतीची हाक ऐकू आली, लाडातली. "सोनू, ए सोनू. कोण आलंय बघ." मग जरा मोठ्यानं. मग टाळी वाजल्याचा आवाज. मग पुन्हा हाक, पण तिच्यातला लाड गेलेला. इंदुमती फोन कानाला दाबून उभी होती. तिला त्या घरातल्या पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येत होती. बाळाचा आवाज तेवढा येत नव्हता.

"काकू," वैजयंती फोनवर आली. "ये उठ क्यों नहीं रहा? काकू, याची मान अशी का पडतीये?"

"दवाखान्यात ने. आत्ता, आहे तशी. आणि ती पुडी सोबत घे." इंदुमतीला आपलाच आवाज परका वाटला.

अयोध्या नगरच्या रस्त्यावरच्या लहानशा दवाखान्यात सासू-सुना स्कूटरवरून पोचल्या तेव्हा बाळ आत होतं. इवल्याशा हाताला सलाइन, नाकाला नळी, डोळे मिटलेले. रंग मेणासारखा. वैजयंती भिंतीला टेकून उभी होती, दोन पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला. तिचा नवरा हेमंत ऑफिसातून धावत आला होता. डॉक्टरीणबाईंच्या हातात पुडी होती. त्यांनी तिच्यावरची अक्षरं एकदा वाचली, दोनदा वाचली आणि वैजयंतीकडे पाहिलं.

"ये तो मसाला है. साफ लिखा है, खाना बनाने के लिए. इतने छोटे बच्चे को मसाला कौन देता है?"

"वैजू?" हेमंत म्हणाला. "वाचलं नव्हतंस तू?"

वैजयंतीनं पुडीवरची अक्षरं वाचली. तिनं इंदुमतीकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही. बहुधा तिलाच वाटायला लागलं होतं की चूक आपलीच. पुडीवर लिहिलेलं तर समोर होतं. इंदुमतीला त्या क्षणी लख्ख कळलं की आपण गप्प राहिलो तर कुणी काही म्हणणार नाही. मसाला म्हणून विकला, मसाला म्हणून लिहिला. मशीनपुढे चाललेलं खोटं इथंही चाललं असतं. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या पोरीला मी एकटं पाडते आहे, हे तिच्या मनाला असं चावलं की ती जवळजवळ ओरडलीच.

"मसाला नाही तो! बाळगुटी आहे, मी केलेली. जायफळ आहे त्यात, आणि वेखंड. नखावर राहील एवढी द्यायची असते. तशी चिठ्ठी होती आत. ती मी काढली. नावही मीच बदललं. हिची काही चूक नाही, डॉक्टर. ही माझी चूक आहे."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि ते जास्त भीतीदायक होतं. जायफळ किती, कधीपासून, शेवटचं केव्हा दिलं, एवढंच त्यांनी भराभर विचारलं आणि त्या आत गेल्या. दार लागलं. हेमंत इंदुमतीकडे बघत राहिला.

दुपार कलल्यावर आतून एक बारीक, चिरका आवाज आला. रडणं म्हणावं इतकाही जोर त्यात नव्हता. तरी इंदुमतीच्या डोळ्यांना धार लागली. कितीतरी बाळांचं रडणं तिनं थांबवलं होतं. एखादं बाळ रडावं म्हणून देवाचा धावा तिनं कधी केला नव्हता. दार उघडलं तशी ती सवयीनं हात पसरून पुढे झाली. वैजयंतीनं तिच्याकडे पाठ केली आणि एकटी आत गेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आज रात्र इथंच ठेवायचं, धोका अजून टळलेला नाही, असं त्यांनी हेमंतला सांगितलं. मग त्या इंदुमतीसमोर उभ्या राहिल्या. "माताजी, ऐसे और कितने पैकेट गए हैं?"

कल्पनानं फोन काढला. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या आणि एकेक नंबर लावायला लागल्या. तुळशी नगरची एक बाई हसली. "काकू, मला ठाऊक आहे, नखभरच देते." करोंदच्या बाईनं पुडी उघडलीच नव्हती. इटारसीच्या एका पोरीनं नुकताच चमचा भरला होता, तो तिनं फोनवर बोलता बोलताच मोरीत ओतला. प्रत्येक वेळी इंदुमती तेच वाक्य बोलायची. मी देशकर काकू बोलते, ती पूड बाळाला देऊ नका.

एक बैतूलची राहिली होती. नाव अनोळखी होतं. तिनं एकदम चार पुड्या मागवल्या होत्या, आणि पंधरवड्यात ही तिची दुसरी खेप. नखभर देणाऱ्या घरी एकच पुडी महिनोन् महिने पुरली असती. कल्पनानं नंबर लावला. रिंग जाऊन जाऊन आपोआप बंद झाली.

"कामात असेल, आई," कल्पना म्हणाली.

इंदुमतीनं फोन तिच्या हातून घेतला आणि पुन्हा लावला. रिंग जात होती.