दारातल्या चपला

मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि हॉस्टेल निवडायला आम्ही दोघी गेलो. नव्या इमारतीत लिफ्ट होती, चोवीस तास गरम पाणी होतं आणि प्रत्येक बंद दारासमोर चपलांचा एकेक जोड शिस्तीत बसला होता. मी तर खूश झाले. ईरा मात्र पुढचं हॉस्टेल बघायला निघालीसुद्धा.

जुन्या हॉस्टेलात भिंतींचे पोपडे निघाले होते. दुसऱ्या मजल्यावर बहुतेक दारांपुढे एकही चप्पल नव्हती आणि एका दारासमोर हा ढीग! आतून हसण्याचा गलका येत होता. आम्ही डोकावलो तर एक मुलगी म्हणाली, "काकू, बाहेर काय उभ्या? या ना, भेळ कालवतोय!"

आम्हीही आमच्या चपला त्या ढिगात सोडल्या. तेव्हा वाटलं, घर कसं आहे हे आतल्या फर्निचरवरून कुठे कळतं? दारात चपला अशा एकमेकींवर चढल्या, की आत माणसं ऐसपैस बसलेली असतात.

"आई, हेच," कागदावरची भेळ संपवत ईरा म्हणाली.

"अगं, पण गरम पाणी?" मी आपलं विचारून पाहिलं.

जिना उतरून फाटकापाशी आलो, तर डाव्या पायातली चप्पल चावायला लागली. एवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली, "काकू, एक चप्पल माझी घातलीय तुम्ही!"

ईरा हसत सुटली. "आई, माझ्याआधी तुझीच ॲडमिशन झाली की!"