दसऱ्याच्या अक्षता आणि अडलेला बाण

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि आमच्याकडे मुलींना तिकडे पाठवत नसत. इथे आल्यावर मराठी लिहायची वेळ आईला पत्र घालतानाच यायची. आई गेल्यावर तीही राहिली नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही, कपाटात साड्यांखाली राहील. पण त्या लॅपटॉपची आठवण झाली की भांडी घासताना मला एकटीलाच हसू येतं, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला राहत होतो. हे एका गोदामात कामाला होते. माल उतरवायचा, मोजायचा, फळ्यांवर लावायचा. नव्वदनंतर ते गोदाम बंद झालं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. जॉब सेंटरमधली बाई यांना म्हणाली, आता गोदामातसुद्धा सगळं कॉम्प्युटरवर असतं, ते शिकून घ्या. यांनी कॉलेजात संध्याकाळचा क्लास लावला. पण तिथे एका मशीनवर दोघं बसायचे, आणि शेजारचा माणूस चपळ. यांच्या वाट्याला नुसतं बघणं यायचं. घरी सराव केल्याशिवाय बोटं वळणार नव्हती.

तेव्हा आम्हा दहाजणींची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीने चाळीस पौंड घालायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने सगळे न्यायचे. मग सगळ्यांची पाळी होईपर्यंत ती भरत राहणार. ऑगस्टात नवीन भिशी सुरू झाली ती ईलिंगला, ओळखीच्या एका डॉक्टरांच्या घरी. डॉक्टरांच्या बायकोला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. त्यांच्याकडे डॉक्टरांचा जुना लॅपटॉप विकायला होता. वहिनी म्हणाल्या होत्या, न्या आत्ता, पैसे सावकाश द्या. हे ऐकेनात. "उधारीवर मशीन नको. त्यांचे मोजून देऊ, मगच आणू."

भिशीत मी तोपर्यंत "चहा टाकू का?" याशिवाय काही बोललेली आठवत नाही. त्या दिवशी चिठ्ठ्यांचा वाडगा पुढे आला आणि मी म्हटलं, "या वेळची चिठ्ठी न काढता मला मिळेल का?"

मग एकजण म्हणाली, "अगंबाई, हिला बोलता येतं!"

"आणि तोंड उघडलं ते एकदम चारशे पौंडांना!" दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला. हसणं थांबल्यावर तिनेच विचारलं, "पण पुढे भरशील ना गं? तुझ्या यांना नोकरी नाही म्हणून विचारते."

मी मान डोलावली. तिने विचारलं त्यात चुकीचं काही नव्हतं. वहिनींनी वाडगा उचलून बाजूला ठेवला. "देऊन टाका तिला. एवढी वर्षं आपल्याला चहा पाजतेय."

अशी भिशी मला मिळाली आणि लॅपटॉप घरी आला. करड्या रंगाचा, जाड, पोळपाटाएवढा जड. बटणांच्या खाली मधोमध एक गोटी बसवलेली होती. ती बोटाने फिरवली की पडद्यावर बाण फिरायचा. हे जेवणाच्या टेबलावर त्याच्यापुढे असे बसायचे, जसं काही साहेबांनी बोलावलंय.

यांचे हात खोकी उचलायचे. बटण दाबलं की दाबूनच धरायचे, आणि एका अक्षराची मुंग्यांसारखी रांग लागायची. मी पोळ्या लाटता लाटता बघायची. एकदा राहवलं नाही. म्हटलं, "अहो, तव्यावरच्या भाकरीला बोट लावतो ना, तसं लावा. लावलं की उचला."

"भाकरी भाजायला बसलोय का मी?"

"लावून तर बघा."

लावून बघितलं. एकच अक्षर उमटलं. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "हं." यांचं हं म्हणजे पुष्कळ झालं.

मग पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, हा इंग्रजी शब्द लिहायला घेतला की मधे एलच्या जागी तीन-तीनचे आकडे उमटू लागले. दोन दिवस तसेच गेले. हे म्हणायचे, मशीन वेडं झालं. शेवटी क्लासमध्ये विचारून आले. कोपऱ्यातलं एक बटण चुकून दाबलं गेलं होतं, त्याने उजवीकडच्या अक्षरांचे आकडे होतात. ते पुन्हा दाबलं की झालं. घरी येऊन यांनी मला ते बटण दाखवलं आणि म्हणाले, "पुसताना इथे फडकं मारू नकोस." मी मारलंच नव्हतं. पण मी बरं म्हटलं.

ऑक्टोबर लागला तसे हात सुधारले. ब्रॅकनेलच्या एका गोदामातून पत्र आलं. मंगळवारी परीक्षा. आलेला माल कॉम्प्युटरवर चढवून दाखवायचा, जमलं तर नोकरी. त्याच्या आधीच्या शुक्रवारी दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा असते. गावी कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ. स्लाऊला यांचा ड्रिल, पाने-पक्कड, माझी विळी आणि शिलाई मशीन. या वर्षी हे म्हणाले, "आधी लॅपटॉप मांड. आता माझं हत्यार तेच." मी उघडाच मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. यांनी निरांजन ओवाळलं. सगळं इतकं छान झालं की मी फोटो काढायला लावला.

शनिवारी सकाळी बाण अडला. डावीकडे-उजवीकडे जायचा, वर-खाली मात्र हलेना. यांनी गोटी फिरवून बघितली, मशीन बंद करून चालू केलं, दोनदा, तीनदा. बाण पडद्याच्या तळाशी इकडून तिकडे येरझाऱ्या घालत राहिला. आमची मुलगी आठ वर्षांची. तिने वाकून बघितलं आणि बटणांच्या फटीतून एक दाणा उचलला.

"आई, तू कॉम्प्युटरला राईस दिली? तो खात नाही!"

यांना हसू आलं. मला आलं नाही. हे हसले तरी यांचा चेहरा उतरलेला होता.

हायस्ट्रीटच्या बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या मुलाने उघडलासुद्धा नाही. म्हणाला, दोन आठवडे लागतील, आणि खर्च इतका येईल की दुसरा घ्या. दोन आठवडे कुठले, हातात तीन दिवस होते. परत येताना हे बसमध्ये म्हणाले, "नाही मिळाली नोकरी तर बघू काहीतरी." मला पुढचे भिशीचे महिने दिसत होते. नोकरी नाही, मशीन नाही, आणि दर महिन्याला चाळीस. मी मागून घेतली होती भिशी. सगळ्यांच्या समोर.

रविवारी दुपारी मी वहिनींना फोन लावला. त्याआधी मी स्वतःहून कुणाला फोन केल्याचं मला आठवत नाही. हे नंबर फिरवायला पुढे आले, तर मी म्हटलं, राहू दे, मी करते. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि दसऱ्याचं सांगितल्यावर फोनमध्येच खो खो हसल्या.

"अहो, तसं काही बिघडलं नाही. गोटी काढा."

"निघते?"

"गोटीभोवती कडं आहे बघा. बरणीच्या झाकणासारखं फिरवा, सुटेल. आत दोन बारके रूळ आहेत. एक आडव्यासाठी, एक उभ्यासाठी. तुमचा उभ्याचा रूळ अडलाय. आमचा तर महिन्या-दोन महिन्यांनी मळायचा."

"परत बसली नाही तर?"

"बसते हो. मी वीस वेळा काढली असेल. मशीन मात्र आधी बंद करा."

मी रिसीव्हर धरून एकेक वाक्य सांगत होते आणि हे करत होते. कडं सुटलं. यांनी मशीन उलटं धरलं आणि गोटी हातात पडली, मागून दोन तांदूळ. आत डोकावलं तर एका रुळावर कुंकवाचा लाल थर, डॉक्टरांच्या वेळचा काळा मळ, आणि रुळाच्या टोकाशी अर्धा तुटका तांदूळ घट्ट अडकलेला. तो मी दात कोरायच्या काडीने काढला. यांची जाड बोटं आत जाईनात, म्हणून काडी माझ्याकडे दिली. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे कापसाला थोडं स्पिरिट लावून रूळ फिरवत फिरवत पुसला, निरांजनाची काजळी पुसते तसा. मळाची बारीक वळी निघाली. मग गोटी पुसून ठेवली आणि कडं फिरवलं.

"लाव," हे म्हणाले.

"तुम्ही लावा."

मशीन चालू झालं. यांनी एका बोटाने गोटी वर ढकलली आणि बाण सरळ वरच्या कडेला जाऊन टेकला. मुलीने टाळ्या वाजवल्या. फोन तसाच टेबलावर पडला होता. त्यातून वहिनी विचारत होत्या, "गेला का वर? अहो, कुणीतरी सांगा!"

तो सगळा रविवार आणि सोमवार हे टेबलावरून उठले नाहीत. मी ताट शेजारी ठेवायची आणि ते एका हाताने जेवायचे. मंगळवारी ब्रॅकनेलहून आले ते दारातूनच बोलले, "सोमवारपासून ये म्हणाले." मी देवापुढे साखर ठेवली. त्यानंतर दर दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली, पण झाकण लावून.

भिशी मात्र चालूच होती. पहिला पगार हातात येईपर्यंतचे हप्ते मी शेजारणीच्या ब्लाउजांच्या शिलाईतून भरले, पुढचे यांच्या पगारातून. मे महिन्यात दहावी, शेवटची पाळी आली. मी दहा-दहाच्या चार नोटा वहिनींच्या हातात दिल्या. माझे सगळे फिटले.