माधवने रक्त कशासाठी दिलं

माधव गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला तेव्हा मी नांदेडला घरी चहा घेत होतो. कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही... दहाव्याला लातूरला गेलो. आमची जुनी विद्यार्थिनी सुनंदा हैदराबादहून आली होती. माधवची बायको, आमच्या वहिनी, तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. "बरं करते म्हणून रक्त काढून नेलं, अन् माणूस गेला," असं त्या आल्यागेल्याला सांगत होत्या. मी शेजारी बसून ऐकत होतो.

लातुरात क्लासचं पेव फुटलं त्या काळात माधव आणि मी मिळून शिकवायचो. तो जीवशास्त्र, मी भौतिकशास्त्र. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांचे डबे सकाळच्या एसटीने यायचे. भूकंपानंतर सुनंदाचा डबा बंद झाला. पाठवणारं घरच उरलं नव्हतं. माधवने तिला काही विचारलं नाही. वहिनींच्या हातचा डबा, वर तिच्या नावाची चिठ्ठी लावून, तो रोज स्टँडवर आलेल्या डब्यांत नेऊन ठेवायचा. चारचौघींत तिला वेगळं वाटू नये म्हणून.

तीच सुनंदा पुढे संशोधक झाली. आपल्या पेशी अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, बाहेर सोडतात. आम्ही शिकवायचो तेव्हा त्यांना पेशींचा कचरा समजत. ती त्यांच्यावरच काम करते. माधवला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाल्यावर ती भेटायला आली.

"सर, एसटीतले डबेच समजा. गाठीतल्या पेशींचा डबा रक्तात सापडला, तर आत काय शिजतंय ते लवकर कळेल. पुढं कधी त्यातच औषध भरून नेमक्या पत्त्यावर धाडता येईल."

"वरणावरून घर ओळखायचं म्हण की," माधव म्हणाला. "डबा आमच्या घरचा, हे तुला कधी कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. लसणाचं असं वरण मी तुमच्याच घरी खाल्लं होतं."

माधव खूप हसला. मग तिने अभ्यासासाठी रक्त मागितलं. "सर, तुम्हाला यातून काही मिळणार नाही. खोटं नाही बोलणार."

"मला ठाऊक हाय. तू घे."

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या तेव्हा रक्त काढून झालं होतं. "हे कशाचं, भावजी?" त्यांनी मला दारात गाठून विचारलं. त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, "नवीन उपचार हाय." त्या दिवसापासून त्या दोन घास नीट जेवू लागल्या... मग मी ते दुरुस्त केलंच नाही. माधवलाही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. इथे लिहितोय ते यासाठी की, आमच्या ओळखीच्यांत सुनंदाचं नाव अजून वाईटच घेतलं जातं. तिने कसलीच आशा दाखवली नव्हती. ती मी दाखवली.

ऐकून वहिनींनी आधी एवढंच विचारलं,

"म्हंजे यांना ठाऊक होतं?"

"हाव."

"अन् तरी दिलं?"

"हसत दिलं."

माधवच्या आरामखुर्चीवर तो गेल्यापासून पेपर साचले होते. वहिनींनी ते उचलून खाली ठेवले, खुर्चीच्या हातावरून पदर फिरवला.

"इथंच बसून दिलं ना?"

मी मान डोलावली.

"तिला फोन लावून द्या. मी बोलते. तुमच्याकडं मग बघते."