निवेदकाच्या खांद्यामागची फायनल

माझी बहीण मोबाइलसमोर बसून मान तिरकी करते आहे, आणि मला संताप आवरत नाही.

कॉलेजांच्या स्पर्धा लाइव्ह दाखवताहेत. मुलांची कबड्डी केव्हाच संपली, तरी कॅमेरा तिघा निवेदकांवरच आहे. तीच एक पकड ते पुन्हापुन्हा चघळताहेत. त्यांच्या मागे, पुसट, मुलींच्या खो-खोची फायनल चालू आहे. त्यात माझी भाची खेळते आहे. मधल्या निवेदकाच्या खांद्यामागे मधूनच खांब दिसतो, कुणीतरी सूर मारतं, की पुन्हा त्याचं जाकीट आडवं येतं.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," बहीण मोबाइललाच विनवते.

तालुक्याच्या कॉलेजातल्या या पोरी रोज पहाटे खडीच्या मैदानावर गुडघे फोडून घेतात. कॅमेरा नुसता वळवायचा होता. तेवढंही कुणाला वाटलं नाही. आणि उद्या हेच लोक तोंड वर करून सांगतील की मुलींचे सामने कुणी बघत नाही.

मागे एकदम आरडाओरडा झाला. तिघांपैकी एकानेही वळून पाहिलं नाही.

"जिंकल्या का रे?" बहिणीने मला विचारलं. तिची मान अजून तिरकीच होती.